प्रसंगाचे गीत : सत्य, हित आणि काळवेळ

आंबेडकरी गीतांविषयी मराठीत जे समीक्षात्मक लेखन झाले आहे, त्यात 'प्रासंगिक' हा शब्द वारंवार येतो आणि बहुधा उणेपणा दाखविण्यासाठीच येतो. अमुक शाहिराची बुद्धवंदनेची वा भीमस्तवनाची गीते टिकाऊ; समकालीन घटनांवर लिहिलेली निषेधगीते मात्र प्रासंगिक, सबब वाङ्मयदृष्ट्या गौण, असा हा निवाडा आहे. तो केवळ विद्यापीठीय समीक्षकांनी दिला असता, तर आम्ही त्याची फारशी दखल घेतली नसती. परंतु आमच्या स्वतःच्या व्यवहारातही तो मुरला आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ज्या गीतपुस्तिका विकल्या जातात, त्या चाळून पाहाव्यात. जन्म, दीक्षा, महापरिनिर्वाण, रमाई, पंचशील यांवरील गीते त्यांत भरपूर सापडतात. नामांतराच्या, घाटकोपरच्या, खैरलांजीच्या गीतांना तेथे क्वचितच जागा मिळते. मिळाली तरी गावाचे नाव गाळलेले, सन गाळलेला, आणि पुष्कळदा कवीचे नावही गाळलेले असते. संकलकाचा हेतू वाईट नसतो. गीत सर्वकाळ गाता यावे म्हणून त्याने प्रसंगाची खूण पुसून टाकलेली असते. आमचे म्हणणे असे की, ही खूण पुसणे म्हणजे त्या गीताचा प्राण काढून घेणे होय. आणि हे म्हणणे आम्ही साहित्यशास्त्राच्या नव्हे, तर धम्माच्या आधारे मांडू इच्छितो.

मज्झिमनिकायात अभयराजकुमार सुत्त आहे. निगण्ठ नातपुत्ताने अभय राजकुमाराला एक दुधारी प्रश्न शिकवून भगवंतांकडे पाठविले. तथागत इतरांना अप्रिय वाटेल अशी वाणी बोलतात काय? होय म्हणावे, तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक तो कोणता. नाही म्हणावे, तर देवदत्ताविषयी त्यांनी जे कठोर उद्गार काढले त्यांचे काय? भगवंतांनी एकेरी उत्तर दिले नाही. राजकुमाराच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल होते. या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला, तर तू काय करशील, असे त्यांनी विचारले. राजकुमाराने सांगितले की, एका हाताने डोके धरून, दुसऱ्या हाताचे बोट वाकवून, रक्त आले तरी तो खडा आपण बाहेर काढू. कारण मुलाविषयी आपल्या मनात अनुकंपा आहे. त्यानंतर भगवंतांनी वाणीची कसोटी सांगितली. असत्य वाणी तथागत बोलत नाहीत. सत्य असूनही जी हिताची नाही, तीही बोलत नाहीत. जी सत्य आहे, हिताची आहे आणि ऐकणाऱ्याला अप्रिय आहे, ती बोलण्याची वेळ ते जाणतात. प्रिय वाणीलाही त्यांनी हीच कसोटी लावली आहे, हे विशेष.

निषेधगीत म्हणजे सत्ताधाऱ्याला, गावाला, प्रसंगी आपल्याच पुढाऱ्यालाही अप्रिय वाटणारी वाणी. ती सत्य आहे काय, हिताची आहे काय, आणि वेळेवर आली काय, हे तीन प्रश्न या सुत्तातून सरळ निघतात. यांत तिसऱ्याचे महत्त्व आमच्या समीक्षेने ओळखलेले नाही. काळवेळ जाणणे हा तेथे वाणीचा गुण म्हणून सांगितला आहे. मग ज्या गीतावर त्याच्या काळाचा ठसा आहे, त्याला त्याच ठशासाठी गौण का ठरवावे? शिवाय खड्याचा दृष्टान्त आणखी एक गोष्ट सांगतो. रक्त येईल इतका कठोर हात आणि अनुकंपा यांत विरोध नाही. बौद्धाने रागाचे गीत गावे की नाही, असा प्रश्न आमचे काही उपासक प्रामाणिकपणे विचारतात. त्याचे उत्तर हाताच्या कठोरपणात शोधून मिळणार नाही, तो हात कशासाठी पुढे झाला यातच ते शोधावे लागेल.

येथे कोणी असाही आक्षेप घेईल की, धम्माला गीतच मुळात मान्य नाही. अष्टशीलात नृत्य, गीत, वादन यांपासून विरत राहण्याचे शील आहे, आणि अंगुत्तरनिकायात गीतस्वराचे पाच दोष सांगितले आहेत. आक्षेप अभ्यासू आहे, पण अपुरा आहे. ते पाच दोष भिक्षूने लांबलेल्या गायनी स्वरात धम्मपठण करण्याविषयी आहेत. त्यांतला पहिलाच दोष असा की, गाणारा स्वतःच आपल्या स्वरात आसक्त होतो. हा इशारा आम्ही मान्य करतो, आणि पुढे त्याचा उपयोगही करणार आहोत.

प्रसंगाचे गीत आमच्याकडे जलशातून आले. सत्यशोधक जलशाने तमाशाचा सांगाडा घेऊन त्यातला आशय बदलला होता; आंबेडकरी जलशाने तेच काम पुढे नेले. नाशिककडचे भीमराव कर्डक यांचा 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हा १९७८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या विषयाचा मूलाधार आहे. महाडचा सत्याग्रह, २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषद, सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा, या घटना वृत्तपत्र न वाचणाऱ्या आमच्या आजी-आजोबांपर्यंत जलशाने पोहोचविल्या. बाबासाहेबांनी जलशाला आपल्या भाषणांपेक्षाही अधिक तोलाचे मानले, असे परंपरा सांगते. याचे कारण जलशात बातमी होती, आणि बातमीबरोबर युक्तिवादही होता. वगातला एक पात्र शंका काढी, दुसरे तिचे निरसन करी. नुसता जयजयकार करून शंकेचे निरसन होत नाही, हे त्या कलावंतांना ठाऊक होते.

महाडचे उदाहरण घेऊ. आज २० मार्चला गायिल्या जाणाऱ्या बहुतेक गीतांत ओंजळभर पाणी आहे, पेटलेले तळे आहे आणि मुक्त झालेला समाज आहे. परंतु त्या १९२७ च्या दिवशी, अस्पृश्य लोक आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी हूल उठवून परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला करण्यात आला. नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. आणि तळ्याच्या हक्काचा दावा मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत चालला. अफवा, शुद्धीकरण आणि दहा वर्षांचा कज्जा ही तिन्ही बीजे आजही आमच्या वस्त्यांच्या वाट्याला येतात. गीतातून ती गळाली, म्हणून ऐकणाऱ्या तरुणाला महाड ही जिंकून संपलेली गोष्ट वाटते. प्रसंग पुसून गीत सर्वकाळचे होत नाही. ते फक्त निरुपद्रवी होते.

नामांतराच्या लढ्याने मराठवाड्यात गीतांचा जो पूर आणला, तसा पुन्हा आला नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्याबरोबर खेड्याखेड्यांतून बौद्धांची घरे जळू लागली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत गीतांचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा अभ्यास व्हायला हवा. आरंभीच्या गीतांत जळलेल्या घराचा, पळून गेलेल्या कुटुंबाचा, नांदेड जिल्ह्यात प्राणाला मुकलेल्या पोचिराम कांबळे यांचा उल्लेख आहे. १९७९ च्या लाँग मार्चनंतर चालण्याची गीते आली. ती पायांच्या ठेक्यावर बांधलेली, म्हणून कडवी आखूड आणि पालुपद लांब. पुढे सरकारे बदलली, आश्वासने साचली, आणि गीतांत उपरोध शिरला. आमच्या मते या शेवटच्या टप्प्यातली उपरोधिक गीते वाङ्मयदृष्ट्या सर्वांत सरस आहेत, कारण त्यांना शिव्याशापांची गरज उरलेली नाही. मंत्रालयातील नस्तीचा प्रवास सांगूनच ती हसवतात आणि टोचतात.

याच लढ्यातील गीतांविषयी आम्हांला एक अप्रिय गोष्ट सांगावयाची आहे. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेड येथे आत्मदहन केले. त्या बलिदानाविषयी आमच्या मनात जो आदर आहे, तो शब्दांत सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु त्यांच्यावर रचल्या गेलेल्या अनेक गीतांत ज्वाळेचेच वर्णन आहे. ज्वाळा सुंदर आहे, तेजस्वी आहे, ती तरुणाला साद घालते. विनयपिटकातील तिसऱ्या पाराजिकेत प्राण घेण्याबरोबरच मरणाचे गुणगान करून दुसऱ्याला मरणाकडे वळविणे हाही तितकाच गंभीर दोष मानला आहे. हा नियम भिक्षूंसाठी आहे, हे आम्ही जाणतो. पण शाहिराच्या हाती तर विहारापेक्षा मोठी सभा असते. एका माणसाला जळून जावे लागेपर्यंत कोण गप्प बसले होते, असा प्रश्न विचारणारे गीत त्या माणसाचा सन्मान करते. त्याच्या जळण्याची आरास करणारे गीत पुढच्या तरुणाच्या हातात काडी देते. दोन्ही गीते एकाच चालीवर असू शकतात आणि दोन्हींच्या शेवटी तीच घोषणा असू शकते, म्हणून समीक्षकाने येथे भीड धरता कामा नये.

हा विचार शाहीर विलास घोगरे यांच्यापाशी येऊन अधिकच जड होतो. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर जमले, राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. घोगरे हे आवाहन नाट्य मंचाशी निगडित, डाव्या चळवळीतून वाढलेले शाहीर. १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात त्यांचे गाणे आहे. गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी गळफास घेतला. त्या वेळी त्यांच्या डोक्याला निळे कापड बांधलेले होते. आनंद पटवर्धन यांनी सुमारे १४ वर्षे चित्रण करून पूर्ण केलेल्या 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटाचा आरंभबिंदू हाच मृत्यू आहे. शाहीर इतरांचे दुःख गातो, त्याचे स्वतःचे दुःख कोण ऐकून घेतो, हा प्रश्न आम्हांला त्या घटनेपासून सुटलेला नाही. त्यांच्यावर हौतात्म्याची गीते झाली. त्यांच्या एकटेपणाचे गीत आम्ही ऐकले नाही.

घाटकोपरच्या गीतांचे खरे बळ मात्र दुसरीकडे आहे. जमाव टँकर पेटवून देणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा पोलिसांचा बचाव होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो स्वीकारला नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. संबंधित पोलीस अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढे तिला स्थगिती मिळून तो जामिनावर सुटला. ही सारी कागदोपत्री वाट लांबची. तत्पूर्वी, आयोग नेमला जाण्याच्याही आधी, टँकर कोठे उभा होता आणि गोळ्या कोठे लागल्या, हे वस्तीतील माणसांना ठाऊक होते. ज्या गीतांनी ही जागा, हे अंतर, ही सकाळची वेळ बरोबर सांगितली, त्यांनी साक्षीचे काम केले. सत्याची कसोटी येथे अलंकारापुरती नसते. ज्या गीताने त्याच प्रसंगी मृतांची संख्या फुगविली किंवा न घडलेले काही घातले, त्याने पोलिसांच्या बचावालाच हातभार लावला. कवीला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे, असे येथे कोणी म्हणू नये. साक्षीदाराला ते नसते.

आता वेळेविषयी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. २ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी होती; धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो बौद्ध शेजारच्याच नागपूरला दीक्षाभूमीवर जमले होते. दिवसभर गीते चालली होती, आणि ती मंगल होती. जमलेल्यांपैकी बहुतेकांना खैरलांजीची वार्ता नव्हती. जलशाच्या काळी बातमी गीतातून जाई; त्या दिवशी आमच्याकडे गीत होते, ध्वनिक्षेपक होते, पण बातमी नव्हती. निषेधाचा उद्रेक नोव्हेंबरमध्ये झाला, गीतेही तेव्हा आली.

ती आली, आणि त्यांतील बऱ्याच गीतांनी आम्हांला अस्वस्थ केले. मायलेकींच्या देहावर झालेल्या अत्याचाराचे वर्णन कडव्यामागून कडवे, ढोलकीच्या तालावर, हजारो पुरुषांसमोर केले जात होते. शाहिराचा हेतू संताप जागविण्याचा होता, यात शंका नाही. पण ज्या गावाने त्यांची विटंबना केली, त्याच विटंबनेचे प्रदर्शन आपण पुन्हा व्यासपीठावर मांडत आहोत, हे त्याच्या ध्यानी आले नाही. ती वाणी कदाचित सत्य असेल, हिताची नव्हती. याउलट ज्या थोड्या गीतांत ती आई स्वतःच्या शेतासाठी हट्टाने उभी राहिलेली, मुलांना शिकविणारी, मारहाणीच्या एका प्रकरणात पोलिसांपुढे निर्भयपणे साक्ष देणारी बाई म्हणून येते, तेथे हत्येचे कारण आपोआप उघडे पडते. स्वतःची जमीन, शिक्षण आणि साक्ष, याच गोष्टी गावाला खुपल्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप न्यायालयात टिकले नाहीत. हत्येचा जातीशी असलेला संबंध सिद्ध झाला नाही, असे ठरले. कायद्याला जे दिसले नाही, ते दाखविण्याची संधी गीताला होती. कारण दाखविणे हीच बुद्धाची रीत आहे. हे असल्यामुळे ते होते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा धागा ज्या गीतात सापडतो, ते गीत दुःखाचे वर्णन करून थांबत नाही.

चालीविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी प्रचलित चित्रपटगीतांच्या चालींवर कितीतरी गीते बांधली, म्हणून नाक मुरडणारे अजूनही भेटतात. त्यांना प्रसंगगीताची निकड कळलेली नसते. सभा उद्या आहे, लोकांना चाल शिकवायला वेळ नाही. जी चाल सर्वांच्या ओठांवर आहे तिच्यात नवे शब्द ओतले की दुसऱ्या कडव्याला अख्खी वस्ती गाऊ लागते. उसनी चाल ही येथे गरिबी नव्हे, वाहन आहे. प्रश्न वेगळाच आहे, आणि तो दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात फार मार्मिकपणे आला आहे. पंचशिख गंधर्वाने वीणा वाजवून गीत गायिले, तेव्हा भगवंतांनी त्याचे कौतुक केले ते असे की, तारांचा स्वर गीताच्या स्वरावर कुरघोडी करीत नाही आणि गीताचा तारांवर. त्या गीतात शृंगारही होता, हे लक्षात घेता हे कौतुक अधिकच उदार ठरते. हीच तुला हाती घेऊन १४ एप्रिलच्या मिरवणुकीत उभे राहावे. भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांतून जे येते, त्यात ठोका छातीला बसतो आणि शब्द कानापर्यंत येत नाही. निषेधाची गीतेही आता त्याच ठोक्यावर वाजविली जातात. मारल्या गेलेल्या माणसाचे नाव त्या गोंगाटात कोणाला ऐकू आले? गाणाऱ्याने स्वरात आसक्त होऊ नये, हा अंगुत्तरनिकायातील इशारा येथे लागू पडतो. फक्त आता गाणारा कोणी नाही, यंत्र आहे.

दुसऱ्या टोकाला घाई आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद येथे रोहित वेमुला यांचा अंत झाल्यावर काही दिवसांतच अनेक भाषांतून गीते आली आणि भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरली. २००६ च्या विलंबाशी तुलना करता हा मोठाच बदल आहे, आणि तो स्वागतार्ह आहे. तरी काळवेळ जाणणे म्हणजे सर्वांच्या आधी गाणे नव्हे. घटना कळण्यापूर्वी रचलेल्या गीतात घटनेची जागा ठरीव शब्द घेतात. गावाचे नाव बदलले की तेच गीत पुढच्या अत्याचाराला चालते. असे गीत म्हणजे छापील अर्ज, नाव-गावाची जागा तेवढी रिकामी. पुण्यात २००२ साली स्थापन झालेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांनी किंवा संभाजी भगत यांनी घटना समजून घेऊन, तिची कारणे मांडून जी गीते रचली आहेत, त्यांच्याशी ताडून पाहिले की हा फरक लगेच ध्यानात येतो. त्यांच्या राजकीय भूमिकेशी आमचे सर्वत्र जुळत नाही. वर्गाची मांडणी करताना धम्म त्यांच्याकडे पुष्कळदा केवळ एक प्रतीक होऊन राहतो, असे आमचे मत आहे. पण अभ्यास करून गावे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

शेवटी एक काम उरते आणि ते विहारांनाच करता येईल. नामांतराच्या काळात ज्या भगिनींनी मोर्च्यात गीते म्हटली, त्या आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या वह्या, कोणाच्या ध्वनिफिती, ट्रंकेच्या तळाशी आहेत. उपोसथाच्या दिवशी वंदना झाल्यावर त्यांच्याजवळ बसून गीत उतरून घ्यावे, आणि गीताच्या वर घटना, गाव, तारीख, रचणाऱ्याचे नाव, चाल कोणाची, प्रथम कोठे म्हटले, हे लिहावे. कडव्यात कोणाचे नाव असेल तर ते तसेच ठेवावे. चुकीचे वाटले तरी दुरुस्त करू नये, बाजूला नोंद करावी. एखादे कडवे कठोर वाटले, म्हणून वगळू नये. अशा नोंदींसह आलेली गीते या नियतकालिकाच्या पुढील अंकांतून क्रमाने छापण्यास आम्ही जागा राखून ठेवीत आहोत. नोंदीशिवाय आलेली गीते मात्र आम्ही परत पाठवू, आणि ती परत का पाठविली हे वाचकांना आता सांगावे लागू नये.